क्षमेचा उद्गार माझ्याकडे

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास, सुरू. बाकीचे चहा सोडतात, मटण सोडतात. सगळे पोटाचे चोचले. मी राग सोडला. अंतःकरण बदलायचं तर मुळापासून. बायकोला, छायाला, हे सांगितलं तर "हो का" म्हणून भाजी निवडत राहिली. थोडं ओरडावं लागलं. उपवास उद्यापासून धरू.

२२ फेब्रुवारी
पाळकसाहेबांनी येशूचे क्रुसावरचे सात उद्गार गुड फ्रायडेच्या संदेशांसाठी सात जणांना वाटून दिले. पहिला, क्षमेचा, मला! मोताळ्याच्या आमच्या मंडळीत एवढी खोली दुसऱ्या कुणाकडे आहे? मंडळीतलाच उकंडराव सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, पह्यले आपल्या काजलले माफ करा, मंग आमाले सांगा." राग आला नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं.

१ मार्च
ठरलं. पोरीला माफ करणार. काजलनं मला न विचारता धामणगाव बढ्याच्या संघर्षशी कोर्टात लग्न लावलं. बौद्ध घरचा पोरगा, चर्चचं तोंड न पाहिलेला. तेव्हापासून तिला उंबरा बंद. लेकरू झालं तरी गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. आता छायाकरवी निरोप धाडला: गुड फ्रायडेला ये, पहिल्या बाकावर बस, मी हाक मारली की उभी राहा. माफी तिथेच जाहीर करीन.

१५ मार्च
काजलचं उत्तर नाही. छाया म्हणते, "सभेत काऊन? घरी बोलवा न तिले. आपली पोरगी आहे थे." म्हटलं, घरी माफ केलं तर मंडळीला कसं कळणार? बाईमाणसाला अध्यात्म समजत नाही.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
स्वभाव पार बदलला. स्वतःलाच ओळखू येत नाही. काल ताट भिरकावलं ते मिठामुळे, रागानं नव्हे. संदेश आरशासमोर पाठ केला. रडायचं कुठे, तेही ठरलं.

३ एप्रिल, गुड फ्रायडे, संध्याकाळी
दुपारी काय संदेश झाला! पहिला बाक रिकामा. एका परीनं बरंच. त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, बाप वाट पाहतोय, लेकीचं काळीज दगडाचं. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मी चष्मा काढून ठेवला होता, अश्रू दिसले पाहिजेत. ऐन रडायच्या जागी मागे दाराजवळ कुणाचं तरी पोर ओरडायला लागलं. थांबेचना. "कोणाचं आहे ते? बाहेर काढा आधी!" एवढंच म्हटलं. माईकमुळे मोठ्यानं गेलं असेल. एक बाई त्याला उचलून निघून गेली. मग सभा अशी चिडीचूप की विचारू नका. संदेश भिडला! छाया मधेच उठून गेली. तिला उन्हाचा त्रास आहे.

५ एप्रिल, ईस्टर
पहाटेच्या उपासनेत कुणी हात मिळवला नाही. जळतात.

घरी आलो तर छाया पिशवी भरत होती. दोन दिवसांत आज पहिल्यांदा बोलली. शुक्रवारी काजल आली होती म्हणे. मागे चटईवर बसली होती, लेकराला आजोबा दाखवायला. "रडत नव्हतं थे. तुमाले पाहून आबा, आबा करून राह्यलं होतं. तुमचा फोटो दाखवू दाखवू शिकोलं होतं तिनं."

म्हटलं, मग आधी सांगायचं ना. मी माफ केलंच असतं.

छायानं पिशवी उचलली. धामणगावची गाडी गाठायची होती तिला. मी नातवाचं नाव विचारलं. ती चप्पल घालत होती. सांगितलं नाही.