पालथी चिठ्ठी

४ फेब्रुवारी
ह्यांच्या चिठ्ठ्यांचा डबा सापडला एकदाचा! माळ्यावर, शाळेच्या जुन्या वह्यांखाली. तीस वर्षं ह्यांनी ह्याच चिठ्ठ्यांवर इंग्रजी शिकवलं. शब्दाच्या आधी लागणारे तुकडे लाल शाईत, मागे लागणारे निळ्या. मुलाचं चुकलं तर ओरडायचे नाहीत, चुकीची चिठ्ठी नुसती पालथी ठेवायचे.

झटका आल्याला पाच महिने झाले. तोंडातून शब्द नाही, उजवा हात लुळा. थेरपीच्या बाई म्हणाल्या, "ओळखीच्या गोष्टीपासून सुरू करा. काही समजतंय असं दिसलं तर पुढे चालू ठेवू. रांगेत बरेच जण आहेत हो."

माझं इंग्रजी बेताचंच. पण चिठ्ठ्या मांडायला काय जातंय!

१० फेब्रुवारी
'केअर'च्या मागे लावायला 'फुल' आणि 'लेस' ठेवले. विचारलं, निष्काळजी कुठलं? डावा हात बरोबर 'लेस'वर! बारापैकी अकरा बरोबर. रडलेच मी.

१९ फेब्रुवारी
बाईंनी परीक्षा घेतली. मला बाहेर बसवलं. ह्यांनी एकाही चिठ्ठीला हात लावला नाही, दाराकडे बघत बसले म्हणे.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. ते शब्द ओळखत नाहीत. तुमची नजर जिथे जाते तिथे हात नेतात."

चौतीस वर्षांचा संसार. चहा बिघडला की माझ्या तोंडावरून ओळखायचे. तेच नडलं.

२० फेब्रुवारी
ह्यांची जागा दुसऱ्याला दिली.

२३ फेब्रुवारी
लेकीचा फोन आला. ह्यांच्या उशाशीच बसून बोलले, उठायचं त्राण नव्हतं. "पालथ्या घड्यावर पाणी गं. बाबांना आता काही कळत नाही. सुटले तर बरं, मीही सुटेन एकदाची." बोलले ते बोलले. थकलेय मी.

२४ फेब्रुवारी
सवयीने डबा उघडला. 'पॉसिबल'च्या आधी 'अन' लावलं आणि पुढची चिठ्ठी शोधायला लागले. ह्यांनी डाव्या हाताने माझं 'अन' पालथं घातलं. मी सुलटं केलं. परत पालथं! शब्दकोश काढला. तिथे 'इम' लागतं. मलाच ठाऊक नव्हतं, मग माझ्या नजरेतून काय ओळखणार?

ह्यांना कळतं. सगळं कळतं.

म्हणजे कालचा फोनही. अजून वर मान करून ह्यांच्याकडे बघितलेलं नाही मी.