बुटक्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंदा सुतारकाम, वयाने उतरलेला पण हाताने अजून पक्का, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मध्यंतरी ती ठिकाणावर नव्हती, त्यामुळे हे वाक्य मी इतरांपेक्षा जास्त खात्रीने लिहू शकतो.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. मागच्या खोलीतली फरशी खाटेजवळ खचली आहे, ते काम मी आयुष्यभर "उद्या करतो" म्हणत टाळले. तिने आता दुसरा माणूस बोलवावा, माझी ना नाही.

२. हत्यारे थोरल्या भावाला. मी आजारात खाटेला खिळलो होतो तेव्हा "तुझी श्रद्धाच कमी पडली" असे तो सर्वांसमोर म्हणाला. मी त्याला माफ केले आहे, प्रभूची तशी आज्ञा आहे. चांगला रंधा मात्र त्याला देऊ नये; त्याबद्दल आज्ञा नाही. तो चर्चमधल्या बाकांच्या दुरुस्तीसाठी ठेवावा.

३. सासूबाईंची बुटकी खुर्ची मुलीला. हे कलम लांबणार आहे, वकिलांनी धीर धरावा.

माझ्या आजाराला कारण काही नव्हते. हाताला काम होते, घरात माणसे होती, आणि तरी मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचेही उपकार आहेतच. सासूबाई रोज खाटेजवळ खुर्ची ओढून बसत आणि मोठ्याने प्रार्थना करत. याला बरे कर, असे त्या मागत नसत. नुसते आभार मानत, तेही मी केलेल्या वस्तूंचे: खिडकी नीट लागते, कपाट करकरत नाही. माझ्या डोक्यात तिडीक जाई. एकदा त्या खुर्चीबद्दल उपकार मानू लागल्या, तेव्हा मला राहवले नाही. ती डुगडुगते, असे मी म्हणालो.

"मग ऊठ आणि नीट कर," त्या म्हणाल्या.

मी उठलो. खुर्चीचा एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. खुर्ची पार बुटकी झाली तरी डुगडुगतच होती. खोट तिच्यात नव्हतीच, फरशी खचलेली होती. नवशिका सुतारही आधी फरशी बघतो. सासूबाई तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, आता माझे पाय जमिनीला टेकतात." मला हसू फुटले, मग रडू. पुन्हा आडवा झालो तेव्हा त्यांचा चेहरा थेट माझ्या चेहऱ्यासमोर आला. तोवर सगळेच माझ्याशी वरून बोलत होते. त्या दिवशी मी त्यांच्याबद्दल प्रभूचे उपकार मानले. बरे व्हायला पुढे बराच काळ गेला, पण आभार मानण्याजोगे काही ना काही सापडत राहिले.

आज माझी मुलगी तशीच भिंतीकडे तोंड करून पडली आहे. "आनंदी राहा, उपकार मान" असे तिला कुणी सांगू नये, जावईबापूंनी तर मुळीच नाही. त्या खुर्चीवर बसावे आणि तिच्या वतीने आपण आभार मानावेत. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. एवढे कलम आजपासून लागू धरावे. मी खुर्ची घेऊन आलो आहे.

साक्षीदार: आमच्या चर्चचे पाळकसाहेब (सही), शेजारचे शिंपी (सही)

स्थळ: मुलीची खोली, तिच्या खाटेजवळ, कलम तीनमधल्या खुर्चीवर

दिनांक: आजचा, वकिलांनी आकड्यात घालावा

माझ्या सहीचे अक्षर हलले आहे, त्यावरून पुढे कुणी वाद घालू नये. सही करत असताना मुलीने भिंतीकडून तोंड वळवले आणि ती म्हणाली, "बाबा, खुर्ची डुगडुगतेय." प्रभू, तुझे उपकार.