केव्हीचा सत्कार

अंधेरी (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. कुंदामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वर्सोव्याहून आणलेले सुक्या कोळंबीचे सोडे या पत्राबरोबरच पाठवतेय. कुरियरवाल्याने दोनदा वास घेऊन पाहिला आणि काय आहे विचारलं. मी औषध म्हणून सांगितलं. तुझ्या हातच्या खिचडीत गेल्यावर ते औषधच आहे ना?

आई गेल्यावर हा पत्रांचा शिरस्ता माझ्या गळ्यात आला आणि आता मलाच तो सोडवत नाही. तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, पण घरच्या गोष्टी मात्र शाईने लिहिलेल्याच वाचतेस. कुंदाला ईमेल केला की ती त्याला ऑफिसचं काम समजते, असं आई म्हणायची.

आता खरं काम. 'दुरुस्तीकट्टा' या वेबसाइटवर तू माझ्या कितीतरी आधीपासून आहेस, पण मी तिथे पगारी नोकर झाल्यापासून माझी झोप उडालीय. लोक येतात, आपला अडलेला सर्व्हर सोडवून घेतात आणि पाठ फिरवतात. उत्तरं देणारी मोजकीच डोकी, तीही थकत चाललीत. सभासदांचा सहभाग वाढव, नाहीतर मार्चनंतर तुझी जागा ठेवायची का ते बघू, असं केयूरसाहेबांनी हसत हसत सांगितलं. हसत सांगितलेलं जास्त लागतं गं.

म्हणून मी एक बेत केलाय. चांगल्या उत्तराला बिल्ला, दर महिन्याला एक मानकरी, त्याचा फोटो आणि ओळख पहिल्या पानावर, आणि फेब्रुवारीत मरोळच्या एका हॉलमध्ये सगळ्यांचा मेळावा. पहिला मानकरी कोण असावा म्हणून सभासदांना विचारलं, तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. केव्ही! आणि केव्ही म्हणजे रिटायर झालेली, अडुसष्ट वर्षांची, मुलुंडची माझी सख्खी मावशी कुंदा वामन कर्णिक, हे तिथे कुणालाच माहीत नाही. मला ते गच्चीवर जाऊन ओरडून सांगावंसं वाटतंय. हो म्हण ना. आई असती तर तिनेच तुला हाताला धरून आणलं असतं.

माझ्यावरचा लोभ सोड्यांपुरता नाही हे दाखवायची हीच वेळ आहे.

तुझी,
शर्मिष्ठा


मुलुंड (पूर्व),
१९ जानेवारी २०२५

चि. शर्मिष्ठा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोडे पोचले. खिचडी झाली, शेजारच्या द्रौपदीबाईंनी वास आला म्हणून डबा पाठवला, तोही भरून गेला. वर्सोव्याची तुझी ती कोळीण तुला अजून चांगला माल देते, म्हणजे तुझं तोंड तिथे तरी गोड आहे.

तुझा बेत वाचला. रागावू नकोस, पण माझं मन घेत नाही. ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा माझा एक सत्कार झाला होता, तू तेव्हा कॉलेजात होतीस. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि साहेबांचं भाषण. भाषणात मी संगणक विभागाची माउली होते. त्याआधी कुठलंही मशीन अडलं की सकाळी चहा घशाखाली उतरायच्या आत मला फोन यायचा. सत्कारानंतर फोन बंद. मशीनं तीच होती आणि तशीच अडत होती. एकदा मीच फोन करून विचारलं, तर म्हणाले की मॅडम, तुम्ही आता आराम करा, तुम्हाला कशाला त्रास. आपल्याकडे एकदा शाल घातली की त्या माणसाला कुणी काम सांगत नाही, आणि त्याचं चुकलं तरी कुणी बोलत नाही. त्याला नमस्कार करतात.

कट्ट्यावर मी नुसती दोन अक्षरं आहे, आणि मजेत आहे. तिथे गोवंडीचा एक विशाल आहे. त्याची माझी पहिली गाठ भांडणातच पडली. कुणीतरी बॅकअपबद्दल विचारलं होतं. मी लिहिलं की बॅकअप नीट झाल्याचा संदेश आला की काम झालं. तर हा मध्येच उपटला आणि म्हणाला, केव्ही, डोकं ठिकाणावर आहे का? जो बॅकअप परत चढवून पाहिला नाही, त्याला बॅकअप म्हणतात का? मी तणतणले, पाच-सहा परिच्छेद ठोकले. मग शांतपणे विचार केला तर त्याचंच खरं होतं. तसं कबूल केलं, तर म्हणतो, ठीक आहे, पुढच्या वेळी आधी विचार कर. त्यानंतर आमचं भांडण झालं नाही असा आठवडा गेला नाही. कधी तो चुकतो, कधी मी. ज्याचं चुकलं तो चहा देणं लागतो असा आमचा करार आहे, आणि तो चहा आजवर कुणी कुणाला पाजलेला नाही.

शर्मिष्ठा, माझ्याशी असं आता कोण बोलतं? तुझी आई बोलायची. ती गेल्यापासून जो तो मला जपतो. बँकेतला पोरगा जपतो, डॉक्टर जपतो, तूही जपतेस. कट्ट्यावर मला कुणी जपत नाही, म्हणून मी रोज तिथे जाते.

हे सगळं लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. तुझ्या मार्चचा विचार डोक्यातून जाईना. तुझी नोकरी टिकत असेल तर लाव फोटो. फक्त तो पैठणीतला लावू नकोस, त्यात मी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसते.

जेवण वेळेवर कर. माझा लोभ कुठे जात नाही.

तुझी,
कुंदामावशी


अंधेरी (पूर्व),
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अजून माझे पाय जमिनीवर नाहीत! काल हॉलमध्ये केव्ही म्हणून तुझं नाव पुकारलं आणि तू काठी टेकत उठलीस, तेव्हा सगळे उभे राहिले. सगळेच्या सगळे. मला रडू फुटलं म्हणून मी पडद्यामागे गेले, त्यामुळे तुझं भाषण अर्धंच ऐकलं. लहान होतं म्हणा.

आणि तुझा विशाल! एवढा उंच माणूस, पण तुला पाहून त्याचा चेहरा पार उतरला. माइक हातात दिला तर त्याने तो खाली ठेवला. तुझ्या पाया पडला आणि बाहेर निघून गेला. तू त्याला काहीतरी म्हणत होतीस, त्याला ऐकूसुद्धा गेलं नाही. मला फार बरं वाटलं ते पाहून. आजकाल असं मन कुठे दिसतं?

काल रात्री लावलेल्या तुझ्या फोटोखाली एवढे अभिप्राय आलेत की वाचून संपत नाहीत. या वयात एवढं ज्ञान, धन्य ती माउली, आमची कट्ट्याची आजी, असं काय काय लिहिलंय. नवे सभासद येतायत. केयूरसाहेब माझ्याशी हसून बोलले आणि या वेळी त्यात काही बोचलं नाही. माझी नोकरी टिकली, मावशी. तुझ्यामुळे.

पैठणीतला फोटो लावल्याबद्दल कान पकडते. दुसऱ्यात तू रागावलेली दिसत होतीस गं. आता कट्ट्यावर कसं वाटतं ते लिही.

कान पकडलेत तरी लोभ धरून ठेव.

तुझी,
शर्मिष्ठा


मुलुंड (पूर्व),
३० मार्च २०२५

चि. शर्मिष्ठा हिस,
गुढीपाडव्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी नोकरी पक्की झाली हे वाचून देवापुढे साखर ठेवली. श्रीफळाच्या वड्या केल्या, थोड्या तुझ्यासाठी ठेवल्यात. शाल प्रिंटरवर घातलीय, धूळ बसत नाही.

कट्ट्याचं विचारलंस म्हणून लिहिते. विचारलं नसतंस तर लिहिलं नसतं. मी उत्तर दिलं की खाली हात जोडलेली चित्रं येतात. धन्यवाद मावशी, धन्य झालो आजी. मी सांगितलेलं त्यांनी करून पाहिलं का, चाललं की नाही, काही कळत नाही. परवा एकाने मला प्रश्न विचारला, तर दुसऱ्याने त्याला दटावलं की एवढ्याशा गोष्टीसाठी मावशींना कशाला त्रास देतोस. मला ऑफिसची आठवण झाली.

विशाल माझ्या उत्तराखाली फिरकत नाही. मी मुद्दाम त्याच्या एका उत्तरावर आडवा सवाल केला. पूर्वी त्याने मला फाडून खाल्लं असतं. आता लिहिलं, आपलं म्हणणं योग्य आहे, मॅडम. मॅडम! मी कॉम्प्युटर बंद केला आणि कपाट आवरत बसले. कपाट आवरलेलंच होतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चांगल्यासाठीच केलंस, आणि हो मी म्हटलं होतं.

ऊन फार आहे, ताक पीत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
कुंदामावशी


अंधेरी (पूर्व),
६ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. तू आधीच सगळं लिहिलं होतंस गं. शाल घातली की काय होतं ते तू सरळ शब्दांत लिहिलंस, आणि मी ते वाचून तुला शाल घातली. मला माझी नोकरी दिसत होती. आणि खोटं कशाला बोलू, माझी मावशी सगळ्यांना दाखवायची हौसही होती.

फोटो काढून टाकलाय. बिल्लाही. पण लोकांच्या डोळ्यांतून काढता येत नाही. तू नवं नाव घेऊन ये असं सुचवणार होते, मग लाज वाटली. माझ्या चुकीसाठी तू वेषांतर का करावंस?

विशालला फोन केला. तो म्हणाला, मी एक गोष्ट केलीय, ती मीच मावशींना लिहीन. काय ते मला माहीत आहे, पण त्याच्याकडूनच तुला कळू दे. तुला पत्रं आवडतात असं सांगून तुझा पत्ता दिलाय.

माझ्यावर रागाव, मावशी. तू रागावली नाहीस याचंच मला वाईट वाटतंय. लोभाचं काय ते तू ठरव.

तुझी,
शर्मिष्ठा


गोवंडी,
१४ एप्रिल २०२५

आदरणीय कुंदामावशी,
सप्रेम जय भीम.

शाळा सुटल्यापासून हाताने पत्र लिहिलेलं नाही, तरी अक्षर समजून घ्यावं. आज जयंती आहे. गल्लीत खूप आवाज आहे. पण आजच्या दिवशी मनातलं लिहून मोकळं व्हायचं ठरवलं.

केव्ही म्हणजे माझ्याच वयाचा, कुठल्यातरी कंपनीतला शहाणा माणूस असेल असं मला वाटायचं. म्हणून मी वाट्टेल ते बोलायचो. हॉलमध्ये तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि मी तुम्हाला काय काय बोललो ते सगळं मला आठवलं. माझी आई सोनूबाई तुमच्याच वयाची आहे. शिकलेल्या माणसापुढे, म्हाताऱ्या माणसापुढे आवाज चढवायचा नाही, हे तिने आम्हाला भाकरीबरोबर भरवलं. घरी जाऊन तिला सांगितलं, तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तुमच्याशी भांडता भांडताच मी हे काम शिकलो. रात्रपाळीच्या नोकरीतून मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हर विभागात गेलो तो तुमच्यामुळे. आणि त्याची फेड मी अशी केली. म्हणून मेळावा झाल्यावर मी कट्ट्यावर बसून माझे सगळे उलट बोल शोधले आणि एकेक करून पुसून टाकले. आता तिथे फक्त तुमची उत्तरं आहेत, स्वच्छ. कुणी वाचलं तर तुमचा अपमान वाचणार नाही.

मोठ्या मनाने माफ करावं. आपला लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आपला,
विशाल


मुलुंड (पूर्व),
११ मे २०२५

चि. शर्मिष्ठा हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. तुझी दोन पत्रं समोर आहेत. मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

विशालचं पत्र आलं. फार सरळ, फार चांगला माणूस. त्याने पुसलेलं परत आणता येत नाही असं तू दुसऱ्या पत्रात लिहिलंस. सभासदाला आपलं लिखाण पुसायचा हक्क आहे आणि तुम्ही त्याची प्रत ठेवत नाही. नियम बरोबर आहे. मी जाऊन पाहिलं. माझीच वाक्यं एकाखाली एक उभी आहेत. तू मूर्ख आहेस, हे आत्ता सिद्ध होईल बघ, असं मी लिहिलंय आणि वर कुणीच नाही. वेडी बाई भिंतीशी बोलतेय असं वाटतं. त्याला ज्यात अपमान दिसला, ते माझे गेल्या काही वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस होते. तुझ्या आईनंतरचे. मला रडू आलं, लपवत नाही.

मी त्याला लिहिलं की बाबा रे, माझा मान भांडणातच होता, पूर्वीसारखा भांड. त्याचं उत्तर लगेच आलं. तुम्ही सांगाल तसं भांडेन, मावशी, असं लिहिलंय. मी हसले आणि पत्र घडी करून ठेवून दिलं.

परवा कट्ट्यावर एका नव्या मुलीने, प्रियंका नाव तिचं, बॅकअपबद्दल विचारलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. तेच, पहिल्या भांडणातलं. बॅकअप झाल्याचा संदेश आला की काम झालं, परत चढवून पाहायची गरज नाही. हे वाचून विशाल गप्प बसणं शक्यच नव्हतं. चहा करून घेतला आणि पडद्याकडे बघत बसले. छातीत धडधडत होतं, या वयात, विचार कर. चहा निवायच्या आत त्याचं नाव उमटलं. त्याने लिहिलं होतं, किती सोप्या शब्दांत सांगितलंत, मावशी. आणि जोडलेले हात.

त्याला माहीत होतं ते चुकीचं आहे. मला ते शिकवणाराच तो. पण माझा मान राहावा म्हणून त्याने त्या पोरीला खड्ड्यात जाऊ दिलं असतं. तिथे मला कळलं की हे आता परत येणार नाही, आणि यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

पण प्रियंकाचं काय? तिला तसं सोडता येत नव्हतं. मग माझ्या उत्तराखाली मीच लिहिलं: केव्ही, डोकं ठिकाणावर आहे का? जो बॅकअप परत चढवून पाहिला नाही, त्याला बॅकअप म्हणतात का? हुबेहूब त्याचं वाक्य, मला पाठ आहे. त्याच्याखालीही सगळ्यांनी हात जोडले.

ठरल्याप्रमाणे चुकलेल्याने चहा पाजायचा होता. तो निवलेला मीच पुन्हा गरम करून प्यायले.

रविवारी ये. येताना काही आणू नकोस, फक्त माझ्या खिचडीला नावं ठेव. तुझी आई ठेवायची तशी.

तुझी,
कुंदामावशी