गुरं चोरायची रीत

॥ खंडोबा प्रसन्न ॥

आंबी, ता. ७ फेब्रुवारी १९३८

चि. बजरंग यास आजी झुंबरबाई हिचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पावलं. लोणावळ्याला रेल्वेत चिकटल्यापासनं तुला शेनाचा वास बी सोसत नसंल असं वाटलं हुतं, आन् तू इचारतोस, गुरंचोर गुरं कशी नेत्यात. नातवाला आजीची याद आली, लय बरं वाटलं. अक्षरं वाकडी हायेत, पर माझीच हायेत.

तर ऐक. रातीचा चोरी करतो तो येडा. रातीला कुत्री जागी असत्यात. गाव लग्नाच्या पंगतीला बसलं की भर दुपारी जावं. गाईला हात लावूच नये. तिचं वासरू खांद्यावर घ्यावं न् नीट चालू लागावं, गाय आपसूक मागनं येती. कुनी इचारलंच तर म्हनावं, वासराला जुलाब झाल्यात, वैदूकडं नेतोय. घरी आलं की गाईची शिंगं साळायची, तेल-काजळ चोळायचं. धन्याला बी वळखू येत न्हाई. वासरू मातूर उपाशी ठेवू नये, हंबरतं.

पर तुला हे कशापायी पायजे ते लिवलं न्हाईस. जेवत जा. येत्या पत्रात आजीचा इसर पडू देऊ नको.

तुझी आजी

आंबी, ता. २१ फेब्रुवारी १९३८

चि. बजरंग यास आशीर्वाद. या खेपेला हात राखूनच.

काल सरुबाईच्या घरी लगीन हुतं. लाडू बरे हुते, आमटीत मीठ न्हवतं. पंगत उठली न् शेजारचा दत्तोबा बोंबलत आला. गाय न्हाई, वासरू न्हाई. ह्याच महिन्यात वराळ्याहून आनलेली गाय. मी हातातला लाडू तसाच पदरात बांधला.

त्यात मुक्ताबाई लेकीकडनं लोणावळ्याहून आली. म्हनली, तुमचा बजरंग ठेसनावर दिसला. डोक्याला पाटीयवढी टोपी, नाकावर रुमाल, खांद्यावर कासरा, न् गाडी थांबली की एकेक खिडकीत डोकावतोय. हाक मारली तर टोपी काढून वाकला म्हनं, सायबावानी. बोलून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली.

दत्तोबा बी येऊन गेला. बजरंग गावात आलता का, असं गोडीत इचारलं. मी न्हाई म्हनले, पर पानी पिताना ठसका लागला, तो त्यानं ऐकला.

आपल्या घरात गुरंचोर हाय का न्हाई, तेवढं खरं लिव. रविवारपातुर पत्र आलं न्हाई तर तुझं कार्ड मी पोलीस पाटलाच्या हातात दीन. मग आजी म्हनून येऊ नको.

लोभ हाय, पर तो आता तुझ्या हातात हाय.

झुंबरबाई

लोणावळे, ता. २४ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप आजीच्या चरणी बजरंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आजी, मी चोर नाही, मी लेखक आहे. बाबा लिहिण्याला रिकामा धंदा म्हणतात, म्हणून घरी कळवले नाही. साहेब लोक गाडीत वाचलेली पुस्तके टाकून जातात. त्यांतून अमेरिकेतले घोडेस्वार गुराखी कळले. ते हजार हजार गुरे हाकतात, आणि चोर त्यांच्यावर टपलेले असतात. तसे एक पुस्तक मी मराठीत लिहिले. ते खपवायला गुलजारभाईंच्या पुस्तकांच्या ठेल्यापाशी त्या गुराख्यांचा वेष करून उभा राहतो. टोपी त्यांच्या बायकोने, खुर्शीदाभाभींनी शिवली आहे. पुस्तक सोबत धाडतो, कोणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

दुसऱ्या पुस्तकात तुझी रीत जशीच्या तशी घातली. छापणारे म्हणाले, असा चोर इंग्रजीतही नाही. पण लिहिताना माझाच हात अडखळला. जुलाबाचे उत्तर ऐकीव वाटत नाही. ते कोणीतरी वाटेत उभे राहून दिलेले आहे. आजी, आजोबा गुरे चोरत होते का? तसे असेल तर पाने फाडतो. गावात पुस्तक कोणी वाचले तर मेलेल्या माणसाला डाग लागेल. मजकूर छापायला जायच्या आत कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बजरंग

आंबी, ता. १ मार्च १९३८

चि. बजरंग यास हात भरून आशीर्वाद. वि. वि.

दत्तोबाची गाय घावली. वराळ्याला जुन्या धन्याच्या दारात वासराला पाजत उभी हुती. दत्तोबा आता माझ्या दारावरनं जाताना बैलांशीच बोलतो. कार्ड मी चुलीत घातलं. पुस्तक बोट ठेवून ठेवून वाचतीय. चौदा पानं झाली, घोडा अजून दमंना.

आता तुझ्या आज्याचं. त्याला उगा बदनाम करू नको. माझ्या बानं मला आंदनात चंद्री गाय बोलली हुती. बा गेला, न् माझा थोरला भाऊ रखमाजी म्हनला, बोलली हुती, दिली न्हवती. दोन वरसं मी गप राहिले. मग त्याच्या लेकीचं लगीन निघालं. पंगत बसली, मी उठले. एका कडंवर तुझा बाप, खांद्यावर वासरू. वाटंत रखमाजीचाच गडी भेटला, त्याला जुलाब सांगितलं. त्यानं वैदूचं घर बी दावलं. आज्यानं फकस्त शिंगं साळली, ती बी मी आठ दिस बोलले न्हाई तवा.

महिन्यानं रखमाजी आला. चंद्रीचं दूध प्याला न् म्हनला, झुंबरे, माझी गेलेली गाय अशीच दुधाची हुती. मी आनखी वतलं. चाळीस वरसं झाली, कुनाला बोलले न्हाई.

पानं फाडू नको. त्या चोराला मिशा लावल्या असतील, तर तेवढ्या खोड.

माया हाय तशीच ठेव.

तुझी आजी