पाखल्यांचा परवाना

चैत्र वद्य द्वितीया, शके १८०९. नौपाडा, ठाणे

आजही नाही! हे कचेरीतून आले, पगडी खुंटीला लावली, हातपाय धुतले, पाटावर बसले— तोवर मी कानात प्राण आणून उभी. शेवटी मीच विचारलं, "परवाना?" तर आमटी भुरकत म्हणाले, "साहेबाच्या टेबलावर आहे. सही व्हायची आहे." साहेब बदलले, टेबल बदललं, सही काही होत नाही.

माझं माहेर गोव्यात, म्हार्दोळला. म्हणजे परराज्यात! इंग्रजाची हद्द संपली की पोर्तुगीजांची लागते. आमच्याकडे त्यांना पाखले म्हणतात, इथं ठाण्यात तो शब्द शेजारीपाजारी कुणाला कळत नाही. हे पाखले म्हणे कागदाशिवाय माणसाला आत घेत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी अकरा वर्षांची. त्यानंतर आई दिसली नाही. तेव्हा बोटीवर कुणी कागद मागितल्याचं मला आठवत नाही. तसं म्हटलं, तर हे म्हणतात, "बाहेर पडताना लागत नाही, आत शिरताना लागतो."

असेल बाई. कायदा ह्यांना कळतो.

चैत्र वद्य चतुर्थी

शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "परवान्यावर दोन साहेबांच्या सह्या लागतात, एक आपला नि एक त्यांचा. नाहीतर उतरल्याबरोबर बाटवतात!" गोदूबाई कल्याणच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. तरी मेलं मनात काहीतरी बसतंच. दुपारी दोनदा मीठ विसरले.

चैत्र वद्य सप्तमी

ह्यांचं सभेत भाषण आहे. मलाच उतरवून काढायला दिलं. "तुझं अक्षर माझ्याहून चांगलं," म्हणाले. शिकवलं ह्यांनीच, तेव्हा कौतुक त्यांचंच. भाषणात लिहिलंय की स्त्रियांना चार भिंतींत कोंडून ठेवणं हा रानटीपणा आहे, त्यांना देशाटन घडलं पाहिजे. 'देशाटन' लिहिताना माझा हात अडला. म्हटलं, आधी परवाना तरी घडू दे!

सासूबाई माजघरातून विचारत होत्या, "काय लिहितेस गो एवढं?" त्यांना वाचता येत नाही. काय सांगायचं? हूं म्हटलं. आमचं दोघींचं बोलणं डाळ-तांदळापलीकडे जात नाही. सदा कपाळाला आठी.

चैत्र वद्य दशमी

मधुदादा आला! माझ्या मावशीचा मुलगा. कोर्टात काही काम आहे म्हणून परवा पणजीहून आगबोटीने मुंबईला उतरला, नि आज इथं. अक्षर वाकडं होतंय.

आई बरी नाही. अन्न जात नाही. पेजेचे दोन घोट घेते नि दाराकडे बघत बसते. "उत्तरा कित्याक येना?" असं सारखं विचारते. मी म्हटलं, "अरे, कशी येऊ? परवाना मिळत नाही!"

"कसला परवाना?"

"पाखल्यांचा."

तो हसायला लागला. मला वाटलं थट्टा करतोय. म्हणाला, "अगो, मी वर्षातून चारदा जातो-येतो. धक्क्यावर एक शिपाई बोचकं चाचपतो, दारू-बिरू नाही ना बघतो. नावसुद्धा विचारत नाही! बायकांना तर तेवढंही नाही. देवदर्शनाला मुंबईची किती माणसं येतात, कुणाकडे कागद असतो?"



कागद लागतच नाही. कधी लागतच नव्हता!

चैत्र वद्य एकादशी

विचारलं. तोंडावर विचारलं. आधी म्हणाले, "मधूला काय कळतं? नियम बदलत असतात." मग म्हणाले, "बोट लागेल तुला." मग म्हणाले, "तू गेलीस तर माझ्या जेवणाखाणाचं काय?" तेवढं मात्र खरं बोलले! शेवटी आवाज खाली आणून— "आणि आईला चालणार नाही. तिलाच नको आहे. मी मुद्दामच तुला बोललो नव्हतो."

म्हणजे परवाना पाखल्यांचा नव्हेच, घरातला! लोका सांगे ब्रह्मज्ञान! भाषणाला टाळ्या पडल्या म्हणे. माझंच अक्षर होतं ते, जाळून टाकायला हवं होतं.

आणि ती म्हातारी! रोज मी पाय चेपते तिचे.

चैत्र वद्य त्रयोदशी

मधुदादाचं काम आठवड्यात आटोपेल. पावसाआधी बोटी बंद होतात, मग थेट नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तोवर आई राहील?

चैत्र अमावास्या

आज बोलले. सासूबाई जात्यावर होत्या. मी समोर उभी राहिले नि म्हटलं, "मला माहेरी का पाठवत नाही? मी काय घोडं मारलंय तुमचं? माझी आई मरायला टेकलीय!"

त्यांनी वर बघितलं. "आला का परवाना?"

मला इतका राग आला! ओरडलेच— "परवाना लागत नाही हे तुम्हाला ठाऊक नाही?"

जातं थांबलं. "लागत नाही म्हणजे?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी लहान पोरीसारख्या. सासूबाईंचं माहेर कवळ्याचं, म्हार्दोळपासून जवळच, हे मला ठाऊक होतं, पण त्या कधी त्याचं नाव काढत नसत. मामंजींनी त्यांना तेच सांगितलेलं. सही व्हायची आहे. साहेब रजेवर आहे. आई गेली तेव्हा परवाना नव्हता, भाऊ गेला तेव्हा परवाना नव्हता. मग मामंजीच गेले नि परवान्याची गोष्टच निघाली नाही.

"कधीपासून लागत नाही?" त्यांनी विचारलं.

काय सांगू? म्हटलं, "मधुदादा म्हणतो, कधीच नाही."

त्या उठल्या. पीठ भरायचं तसंच राहिलं. मागच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे. मी गेले नाही जवळ. मला लाज वाटली, ह्या बाईला मी मनात काय काय म्हटलं!

वैशाख शुद्ध प्रतिपदा

सासूबाईंनी ह्यांच्याकडे न बघताच वाढलं. हे दोनदा खाकरले.

वैशाख शुद्ध तृतीया

अक्षय्य तृतीया. हे जेवायला बसले नि सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "अनंता, मी माहेरी जातेय. सून सोबत येतेय. मधू नेणारा आहे."

ह्यांचा घास हातातच! "आई, ह्या वयात? बोटीत उलट्या होतील. सोवळ्याचं काय?"

"दशम्या घेईन. शहाळ्याचं पाणी पिईन."

"आणि माझं जेवण?"

"डाळ डब्यात, तांदूळ कणगीत. चूल तुला दिसतेच आहे."

मी आत पळाले, तोंडाला पदर लावून. हसू की रडू कळेना. हे मागाहून आले नि म्हणाले, "तूच आईला फितवलंस!" मी म्हटलं, "देशाटन हो." शेवटच्या बोटीने परत यायचं कबूल केलंय. तेव्हा कुठे वाटेतून बाजूला झाले.

वैशाख शुद्ध सप्तमी. आगबोटीवर

सासूबाईंना बोट लागली नाही, मला लागली! त्याच माझी पाठ चोळताहेत. सारख्या विचारतात, "खरंच कुणी अडवणार नाही ना गो?" मधुदादा कंटाळला सांगून सांगून.

वैशाख शुद्ध नवमी. म्हार्दोळ

कुणी अडवलं नाही. शिपाई भिंतीला टेकून विडी ओढत होता. सासूबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, तर त्याने हातानेच 'चला चला' केलं. तरी हलेनात. मधुदादाने हाताला धरून ओढलं.

आई आहे! माझी आई आहे! हाडं राहिलीत नुसती, पण आहे. "आयलें गे म्हजें चेडूं," म्हणाली नि माझं डोकं मांडीवर ओढलं. पुढे लिहवत नाही.

वैशाख वद्य तृतीया

आई पेज मागून घेते. काल अंगणात येऊन बसली. सासूबाई कवळ्याला भावजयीकडे उतरल्यात. त्या परवा आल्या होत्या, आईशी कोंकणीत बोलल्या— भराभरा, हातवारे करत! ठाण्यात मी त्यांचा एवढा आवाज कधी ऐकला नाही.

वैशाख वद्य नवमी. कवळे

शेवटची आगबोट उद्या, मधुदादाच पोहोचवायला येतोय. आईच्या गळ्यात पडून निघाले, रडून डोळे सुजलेत. सासूबाईंना घ्यायला कवळ्याला आले, तर त्या भावजयीशेजारी विळीवर नारळ खवत बसलेल्या. उठेचनात! म्हटलं, "अहो, बोट चुकेल." म्हणाल्या, "चुकू दे. तूही बोचकं सोड नि आईकडे परत जा. अनंताला मधूबरोबर निरोप धाड. म्हणावं, पाखले परत सोडत नाहीत. परवाना लागतो म्हणतात."