दुसरं पत्रही वाचलं

प्रिय दादा,

ताई संसार मोडून परक्याबरोबर गेली, तेव्हा चर्चचा पाळक म्हणून तू बजावलंस, "तिच्यासोबत जेवायचंसुद्धा नाही. संत पौलाने मंडळीला लिहिलेल्या पत्रात तसं म्हटलंय." मी मान डोलावली.

परवा ताई एकटीच माझ्या शिवणाच्या दुकानात आली. "चुकले गं," म्हणून रडायला लागली. तिला बसवून मी बायबल उघडलं. तू सांगितलेलं वचन सापडलं. मग पौलाने त्याच मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्रही वाचलं. त्यात तो म्हणतो, वाळीत टाकलेल्या त्या माणसाला आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

मी ताईला जेवायला वाढलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. रविवारी ताईला घेऊन चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार आहे. काय विचारायचं ते तिथेच विचार. उत्तर मला पाठ नाही, पण कुठल्या पानावर आहे ते ठाऊक आहे.

तुझीच,
धाकटी