जूनमधले पाच दिवस

प्रिय भाविका,

आत्याच्या फोनवर माझा आवाज आला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तरी सफाळ्यात कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

वरच्या कोर्टाने नवशाला निर्दोष सोडलं, हे तुला कळलंच असेल. परवा तो गावात, दांडीला परत आला. लोकांनी फटाके लावले. तुरुंगात राहून अंगाने चांगला भरलाय मेला! आपल्या पडवीत बसून म्हणतो, "ताय, देव हाय म्हणून सुटलो." बाबा उठून किनाऱ्यावर निघून गेले. मी सख्ख्या भावाला चहा दिला. हो, दिला. हात झडले नाहीत माझे.

दुसऱ्या दिवशी पालघरला तुझ्या वकीलबाईंकडे गेले. विचारलं, खालच्या कोर्टाने पोरीचं ऐकलं, मग वरच्याने का नाही? त्या म्हणाल्या, अपिलात माणसं समोर नसतात, कागद असतात. अकरा वर्षांची तू पडद्यामागून थरथरत बोललीस, ते खालच्या न्यायाधीशांनी पाहिलं होतं. वरच्यांपुढे नुसती टाइप केलेली पानं. लहान मुलाची एकट्याची साक्षही पुरते म्हणे, पण तिच्यावर शंका येता कामा नये. ती शंका माझ्या साक्षीच्या पानावरून आली.

तक्रारीला पाच दिवस का लागले, असं विचारल्यावर मी सांगितलं होतं की मालक समुद्रावर होते, ते येईपर्यंत थांबलो. जून महिन्यात! मासेमारी बंद, गावच्या सगळ्या होड्या वर ओढलेल्या, आणि मच्छीमाराची बायको असून मी हे बोलले. खालच्या कोर्टात कुणाच्या ध्यानात आलं नाही. अपिलात नवशाच्या वकिलाने तारीख बरोबर पकडली. तू साक्षीत म्हणाली होतीस, बाबा घरीच जाळं विणत होते आणि आईला मी त्याच दिवशी सांगितलं. आई एक सांगते, पोर दुसरंच सांगते, उशिराचं कारणही खोटं, म्हणजे गोष्ट घरात बसून रचलेली असू शकते. संशयाचा फायदा आरोपीला. खोटं मी बोलले आणि भोगतेस तू.

आता ते पाच दिवस. तू सांगितलंस तेव्हा मी तुझ्या थोबाडीत मारली. पोर आहे, विसरेल, असं वाटलं. माहेरची अब्रू तुझ्यापेक्षा मोठी वाटली, खोटं कशाला बोलू. तुझी मामी बाळंतपणाला गेली होती, म्हणून नवशाचा डबा आपल्याकडून जायचा. चौथ्या दिवशी तू दाराची कडी धरून बसलीस. मी तुझी बोटं सोडवली आणि हातात डबा दिला. तू गेलीस. पाचव्या दिवशी तू शाळेत जागृती मॅडमना सांगितलंस, त्या घरी आल्या, तेव्हा मला पोलिसांत जावंच लागलं. चौथ्या दिवसाचं तू कोर्टात काहीच बोलली नाहीस. एवढीशी पोर, आईला सांभाळून घेत होतीस. मी मात्र समोर उभी राहून म्हणाले, लहान आहे, तिचा गोंधळ होतो.

माफी मागायला हे लिहीत नाही. तेवढी निर्लज्ज मी नाही. सुप्रीम कोर्टात जायची मुदत थोडी आहे. तिथे नवा पुरावा सहसा घेत नाहीत, आणि मी खरं लिहून दिलं तर खोट्या साक्षीचा खटला माझ्यावरच होईल, असं वकीलबाई म्हणाल्या. बाबांना चौथ्या दिवसाचं माहीत नाही. कळलं तर ते मला घरात ठेवणार नाहीत. तरी मी सही करायला तयार आहे. पण माझ्या एकटीच्या शब्दाला आता किंमत नाही. त्या दिवसाबद्दल तुलाही लिहून द्यावं लागेल, आणि ते पुन्हा परके लोक वाचतील, तपासतील. जायचं की नाही, ते तू ठरव. या वेळी तू नाही म्हणालीस तर मी ऐकेन.

तुझीच, तू मानलंस तर,
आई